वाळवंटी हवेत घरचं सोलर: कुठल्या सीझनला काय करायचं आणि कशाला हात लावायचा नाही

सोलर बसवताना एक वाक्य हमखास कानावर पडतं, "बसवा आणि विसरा, याला मेंटेनन्स नसतो." जिथं पावसाळा नीट होतो तिथं हे बऱ्यापैकी खरंय, वर्षातले काही महिने आभाळच पॅनल धुऊन देतं. वाळवंटात तो हिशोब चालत नाही. इथं पाऊस आला तरी चार थेंब टाकून जातो आणि काचेवर आधीच बसलेल्या धुळीचा चिखल करून ठेवतो, म्हणजे आला नसता तरच बरं. त्यात दुपारी ४५ अंश, रात्री स्वेटर, मधेच धुळीचं वादळ.

पहिल्या वर्षी मी अति उत्साहात दर रविवारी गच्चीवर चढून पॅनल पुसायचो, कोरड्या फडक्याने, घसाघसा. आजही सकाळच्या तिरप्या उन्हात त्यातल्या दोन पॅनलवर गोल गोल रेघा दिसतात. त्यामुळे माझं मत असं झालंय की पॅनलची वाट धूळ जेवढी लावते त्यापेक्षा आपला उतावीळ हात जास्त लावतो. धूळ आज ना उद्या निघते, चरा निघत नाही.

आधी वही, मग बादली

पॅनल मळलेत की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, खरंच नाही कळत. गच्चीवरून भुरकट दिसणारं पॅनल फक्त ३ टक्के मार खात असतं आणि लांबून चकचकीत दिसणाऱ्या काचेवर कडक पापुद्रा बसलेला असतो. म्हणून पहिलं काम आकड्याचं. पॅनल स्वच्छ असताना, आभाळ निरभ्र असताना एक दिवस निवडा आणि दोन गोष्टी लिहून ठेवा: दिवसभराचे युनिट आणि भर दुपारी इन्व्हर्टरवर (पॅनलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारा डबा) दिसणारे प्रत्येक स्ट्रिंगचे (एकापाठोपाठ एक जोडलेल्या पॅनलची माळ) व्होल्ट आणि अँपिअर. असं वर्षात चार वेळा, प्रत्येक सीझनला एकदा. अ‍ॅपमध्ये हे सगळं असतंच असं म्हणाल, पण कंपनीने अ‍ॅप बदललं किंवा इन्व्हर्टर बदलला की जुना डेटा गायब होऊ शकतो, वही कुठं जात नाही.

सारख्याच दिशेला, सारख्याच संख्येच्या पॅनलच्या दोन स्ट्रिंग असतील तर तुम्ही नशीबवान. एक स्ट्रिंग धुवा, दुसरी तशीच ठेवा आणि दोन दिवस फरक बघा. जो फरक येईल तोच तुमच्या धुळीचा खरा आकडा, दुसऱ्या कुणाच्या गच्चीचा नाही. एकच स्ट्रिंग असेल तर धुण्याच्या आदल्या दिवशीचा आणि दुसऱ्या दिवशीचा, दोन्ही निरभ्र, दोन्हीचं तापमान साधारण सारखं, एकाच वेळेचा आकडा ताडून बघा.

वाळवंटी भागात धुळीमुळे रोज साधारण अर्धा टक्का उत्पादन कमी होत जातं, वाईट दिवसांत एक टक्कासुद्धा. म्हणजे महिनाभर लक्ष दिलं नाही तर १५ टक्के सहज गेले, आणि मोठं वादळ झालं तर तेवढे एका रात्रीत जातात. माझा स्वतःचा नियम असा की तूट ७ टक्क्यांच्या पुढे गेली की धुवायचं, त्याच्या आत नाही. तुमचं पाणी मुबलक असेल तर ५ ला धुवा, पाण्याची बोंब असेल तर १० पर्यंत थांबा, काही बिघडत नाही.

इथं एक घोळ सगळेच करतात. गारव्याचे दिवस संपून उन्हाळा लागला की उत्पादन पडतं आणि लोक पॅनल मळले म्हणून धुवायला धावतात. पॅनलवर छापलेले वॅट हे सेलचं, म्हणजे काचेखालच्या वीज बनवणाऱ्या चकत्यांचं तापमान २५ अंश असतानाचे असतात. बाहेर ४५ अंश आणि वारा पडलेला असेल तर सेल ७५ पर्यंत जातो, म्हणजे ५० अंश जास्त. आजकालच्या बऱ्याच पॅनलमध्ये दर अंशाला ०.३५ टक्क्याच्या आसपास घट असते, गुणाकार केला तर साडेसतरा टक्के. म्हणजे ५ किलोवॅटचे पॅनल कितीही लखलखीत धुतले तरी त्या दुपारी ४.१ किलोवॅटच्या वर जाणार नाहीत. हा दोष कुणाचाच नाही, पाणी वाया घालवू नका. तुमच्या पॅनलचा नेमका आकडा मागच्या लेबलवर नाहीतर डेटाशीटमध्ये असतो, तो एकदा वहीत उतरवून घ्या.

धूळ चिकटते ती दवामुळे

नुसती कोरडी धूळ एवढा त्रास देत नाही, जोराचा वारा आला की बरीचशी उडून जाते. त्रास होतो पहाटे. पॅनलचं तोंड रात्रभर उघड्या आभाळाकडे असतं, त्यामुळे ते आपली उष्णता वर सोडत राहतं आणि भोवतीच्या हवेपेक्षाही दोन-चार अंश गार पडतं. मग जिथं जमिनीवर दवाचा पत्ता नसतो तिथंही काचेवर दव येतं. त्या दवात धुळीतले क्षार विरघळतात, ऊन आलं की पाणी उडून जातं आणि क्षार सिमेंटसारखे काम करतात, धुळीचा कण काचेला चिकटवून टाकतात. दुसऱ्या दिवशी त्यावर पुढचा थर. दहा-पंधरा पहाटा अशा गेल्या की जो पापुद्रा होतो तो नुसत्या पाण्याने निघत नाही. समुद्रालगतच्या वाळवंटात तर हे फारच, कारण हवेतच मीठ असतं.

म्हणून सफाईचं वेळापत्रक ठरवताना धूळ किती यापेक्षा दव किती पडतंय हे बघा. कोरड्या खणखणीत उन्हाळ्यात तीन आठवडे चालून जातं, दवाच्या दिवसांत दहाव्या दिवशी धुतलेलं बरं.

काही जण पहाटे त्या दवाचाच उपयोग करून नुसता वायपर ओढतात. करता येतं, पण दव भरपूर असेल, काचेवरून ओघळ वाहत असतील तरच. अर्धवट ओलं असेल तर तुम्ही काचेवर बारीक वाळूचा लेप करून तो घासताय, बाकी काही नाही.

धुण्याची पद्धत, एकदम सविस्तर

वेळ म्हणजे सूर्य उगवायच्या आसपास किंवा मावळून तासभर झाल्यावर. मी सकाळच धरतो, कारण संध्याकाळी अंधारात गच्चीवर ओल्या फरशीवर चालणं मला पटत नाही. दुपारी कधीच नाही. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की काच तडकू शकते, आणि तडकली नाही तरी पाणी इतक्या झटकन वाळतं की त्यातले क्षार पांढरे डाग होऊन तिथंच बसतात.

चढायच्या आधी सिस्टीम बंद करा. साधारण क्रम असा: आधी इन्व्हर्टरची एसी बाजू बंद, मग डीसी आयसोलेटर, म्हणजे पॅनलकडून येणारी वीज तोडायचा स्विच बंद. चालू करताना उलटं, पण तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळं लिहिलं असेल तर तेच करा. आणि हे पक्कं लक्षात ठेवा की आयसोलेटर बंद केला तरी पॅनलपासून आयसोलेटरपर्यंतच्या वायरमध्ये उजेड असेतोवर व्होल्टेज असतंच, सूर्याला स्विच नाही. म्हणून धुण्याआधी एक फेरी नुसती बघत मारा. कुठल्या पॅनलची काच तडकलेली असेल, वायर सोललेली असेल, कनेक्टर उघडा लोंबकळत असेल तर त्या रांगेवर पाणी मारायचं नाही, आधी माणूस बोलवायचा.

मग पहिली पायरी कोरडी, पण हात न लावता. पानं झाडायचा किंवा कॉम्प्युटर साफ करायचा ब्लोअर असतो ना, तो लांबून मारा, वरून खाली. सुटी वाळू निघून जाऊ द्या. ही पायरी लोक गाळतात आणि चरे इथंच पडतात. वाळू म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ, कठीणपणाच्या मोजपट्टीवर ती ७ ला असते आणि काच साडेपाच ते सहाच्या मधे. म्हणजे वाळूचा कण काचेपेक्षा कडक, तो फडक्याखाली सापडला की रेघ ओढणारच. वर काचेला परावर्तन कमी करणारा अतिशय पातळ थर असतो, केसापेक्षा कितीतरी पट पातळ, तो तर त्याहून नाजूक.

दुसरी पायरी भिजवणं. मऊ धारेने किंवा झारीने पाणी सोडा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. हे थांबणंच खरं काम करतं, पापुद्रा मऊ पडतो. प्रेशर वॉशर मात्र अजिबात नको, त्याची धार फ्रेमच्या रबरातून आणि मागच्या जंक्शन बॉक्समधून (जिथून पॅनलच्या वायरी बाहेर येतात ती डबी) पाणी आत घुसवते.

तिसरी, मऊ ब्रश. लांब दांड्याचा, गाडी धुवायला वापरतात तसा, टोकाशी फाटलेल्या मऊ केसांचा. वजन टाकायचं नाही, ब्रशच्या स्वतःच्या भाराने वरून खाली सरळ ओढायचा, गोल गोल नाही. दर पॅनलनंतर ब्रश बादलीत खळबळून घ्या, बादल्या दोन ठेवा, एक मळक्या ब्रशसाठी आणि एक स्वच्छ पाण्याची. साबण शक्यतो नको. तेलकट काजळी असेल तर भांडी घासायच्या सौम्य लिक्विडचे चार थेंब बादलीभर पाण्यात चालतील, पण नंतर नीट खंगाळा, नाहीतर साबणाचा चिकट थर राहतो आणि त्यावर धूळ दुप्पट वेगाने बसते.

चौथी, खालची कड. फ्रेमची खालची पट्टी काचेपेक्षा किंचित वर असते, तिथं पाणी अडतं आणि मातीची रेघ साचत जाते, बोटभर रुंद. दिसायला किरकोळ. पण जुन्या पद्धतीच्या, पूर्ण सेलच्या पॅनलमध्ये आत साधारण तीन उभे गट असतात, आणि पॅनल उभं बसवलं असेल तर ती बोटभर रेघ तिन्ही गटांच्या खालच्या सेलवर येते, म्हणजे अख्ख्या पॅनलला फटका. हाफ कट, म्हणजे अर्ध्या कापलेल्या सेलचं पॅनल असेल तर वरचा अर्धा भाग वाचतो, आडवं बसवलं असेल तर एकच गट जातो. सफाईला वेळ नसेल तर निदान ही कड तरी ओल्या ब्रशने काढा, मेहनतीच्या मानाने सगळ्यात जास्त फायदा इथंच आहे.

शेवटी रबरी वायपर, वरून खाली एकाच ओढीत, आणि झालं. वायपरचं रबर उन्हात कडक होऊन चिरतं, ते बदलत राहा. पुसून कोरडं करायच्या भानगडीत पडू नका.

पॅनलवर पाय देऊ नका, गुडघाही नाही. काच फुटणार नाही कदाचित, पण आतल्या सेलला केसाएवढे तडे जातात जे डोळ्यांना दिसत नाहीत आणि पुढे तिथं गरम डाग तयार होऊ शकतो. आणि उतरत्या छपरावर असाल तर दोर आणि हार्नेस, वारा सुटला असेल तर काम उद्यावर. सपाट गच्चीवरही कठड्याकडे पाठ करून मागे मागे सरकत धुवायची सवय असते बघा लोकांना, ती सोडा.

पाणी कुठलं

बोअरचं पाणी बहुतेक वाळवंटी भागात जड असतं, ते वाळलं की कॅल्शियमचे पांढरे ठिपके. एकदा-दोनदाने काही होत नाही, वर्षभर तेच वापरलं तर काच दुधाळ दिसायला लागते. आरओचं शुद्ध पाणी बेस्ट, पण आरओमधून बाहेर टाकलेलं पाणी नाही हां, त्यात तर क्षार आणखी दाट झालेले असतात, 'वाया जातंय ना, मग पॅनलला वापरू' हा मोह टाळा. मला स्वतःला आवडलेला जुगाड म्हणजे एसीच्या पाइपमधून गळणारं पाणी. ते हवेतल्या वाफेचं पाणी असल्याने त्यात क्षार जवळजवळ नसतात, कपड्यातून गाळून कॅनमध्ये साठवायचं. दमट किनाऱ्यालगत ते भरपूर मिळतं, कोरड्या भागात कमी. शुद्ध पाणी मोजकंच असेल तर घासायला साधं पाणी आणि शेवटचं खंगाळायला शुद्ध, एवढं केलं तरी डाग पडत नाहीत.

डाग पडलेच असतील तर पांढरं व्हिनेगर भरपूर पाण्यात पातळ करून, आधी एका कोपऱ्यात लावून बघा, मग बाकीच्या भागाला. मिनिटभराने धुऊन टाका, अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमवर ते साचू देऊ नका. पक्ष्यांची वाळलेली विष्ठा नखाने किंवा ब्लेडने खरवडू नका, ओलं फडकं दहा मिनिटं त्यावर ठेवा, आपोआप सुटते. आणि ती वेळेवर काढा, सगळीकडे पसरलेल्या धुळीपेक्षा एकाच सेलवरचा घट्ट ठिपका जास्त वाईट, कारण झाकला गेलेला सेल वीज बनवायच्या ऐवजी बाकीच्यांची वीज खाऊन तापायला लागतो.

वादळांचा सीझन लागायच्या आधी

वर्षातलं सगळ्यात मोठं चेकिंग मी या वेळी करतो, हवा अजून बरी असते आणि पुढे वाऱ्याची परीक्षा असते. मुख्य म्हणजे नटबोल्ट. दिवस-रात्रीच्या तापमानात एवढा फरक असतो की अ‍ॅल्युमिनियमची रेल रोज लांब होते आणि आखडते. ६ मीटरची रेल ५० अंशांच्या फरकाला जवळपास ७ मिलिमीटर हलते, हे रोज, वर्षानुवर्षं. त्यामुळे क्लॅम्प ढिले होतात. हाताने पॅनलचा कोपरा हलकेच हलवून बघा, खडखड आली की तो क्लॅम्प ढिला. पण नुसत्या पान्याने जीव खाऊन आवळू नका, टॉर्क रेंच (किती जोर लागतोय ते दाखवणारा पाना) घ्या आणि स्ट्रक्चरच्या कागदावर जो आकडा आहे तेवढाच. जास्त आवळल्याने फ्रेम वाकून काच फुटल्याची उदाहरणं आहेत.

पॅनलखाली वाकून वायरी बघा. बसवताना साधे प्लास्टिकचे टाय लावलेले असतील तर एक-दोन उन्हाळ्यांत त्यांचा चुरा होतो, वायर गच्चीला टेकते, वाऱ्याने घासत राहते. त्याजागी स्टीलचे कोटिंगवाले टाय किंवा क्लिप लावा. गच्चीवर पडलेल्या विटा, पत्रे, रिकाम्या कुंड्या उचला. वादळात पॅनल उडून जाण्यापेक्षा दुसरं काहीतरी उडून पॅनलवर आदळणं जास्त घडतं. स्टँडचा कोन बदलता येत असेल तर या दिवसांत पॅनल थोडे आडवे करून ठेवा, वाऱ्याला अडायला जागा कमी मिळते.

वादळ होऊन गेल्यावर

लगेच वर जाऊ नका. मोठ्या वादळानंतर दोन-तीन दिवस हवेत बारीक धूळ तरंगत असते आणि ती सावकाश खाली बसते, पहिल्याच दिवशी धुतलं तर तिसऱ्या दिवशी परत धुवावं लागतं. लांबचं क्षितिज स्वच्छ दिसायला लागलं की मग. या दोन-तीन दिवसांत उत्पादन पडलेलं असतं त्यातलं काही तर आभाळातल्या धुळीमुळेच असतं, पॅनलचा त्यात दोष नाही.

चिकटते ती बारीक धूळ, जाडी वाळू नाही, हे मंगळावरच्या एका यानाने फार छान दाखवलं. नासाचं इनसाइट २०१८ मध्ये तिथं उतरलं, सोलर पॅनलवरच चालायचं आणि पुसायला कुणी नाही. २०२१ मध्ये त्यांनी काय केलं, यानाच्या यांत्रिक हाताने पॅनलच्या जवळ वाऱ्यात वाळू सोडली, जाडे कण पॅनलवरून टप्पे घेत गेले आणि जाताना बारीक धूळ सोबत घेऊन गेले, वीज थोडी वाढलीसुद्धा. शेवटी धुळीपुढे ते हरलंच, डिसेंबर २०२२ मध्ये मोहीम संपली. आपल्या गच्चीवर हा प्रयोग करायचा नाही, आपल्याकडे ब्रश आहे.

वादळानंतर इन्व्हर्टरच्या जाळ्या आणि पंखे मात्र पहिल्याच दिवशी बघा. त्यात धूळ अडकली असेल तर तो गुदमरतो.

भर उन्हाळा: पॅनलपेक्षा इन्व्हर्टर सांभाळा

या सीझनला पॅनलला शक्यतो हात नाही, पहाटेची सफाई सोडून. 'गार राहावं म्हणून दुपारी पाणी मारतो' असं करणारे भेटतात, थोडा वेळ वॅट वाढतातही, पण काचेला बसणारा झटका आणि साचणारे क्षार बघता हा सौदा तोट्याचा आहे. पॅनल गार ठेवायचे तर खालची हवा मोकळी ठेवा. पॅनलखाली भंगार, लाकडं, जुनी टाकी ठेवायची नाही. कबुतरांसाठी जाळी लावली असेल तर ती भोकाभोकाची असावी, पत्रा मारून बंद केलेली नको.

इन्व्हर्टर हा खरा नाजूक गडी. घरगुती इन्व्हर्टर साधारण ४५ अंशांच्या पुढे स्वतःला वाचवायला वीज कमी करायला लागतात. हे ओळखायचं कसं, तर ग्राफ बघा. दुपारी ग्राफचा माथा सपाट कापल्यासारखा असेल आणि तो बरोबर इन्व्हर्टरच्या क्षमतेच्या आकड्यावर असेल तर काळजी नाही, पॅनल इन्व्हर्टरपेक्षा मोठे आहेत एवढाच त्याचा अर्थ. पण क्षमतेच्या खालीच ग्राफ बसत असेल, ऐन दोन-तीनच्या सुमारास खड्डा पडत असेल आणि उन्हं कलल्यावर परत सावरत असेल तर तो तापतोय. उपाय साधे आहेत: पश्चिमेच्या भिंतीवर असेल तर वर छोटं छप्पर, चारी बाजूंनी मॅन्युअलमध्ये सांगितलेली मोकळी जागा, मागच्या धातूच्या पात्यांवरची, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकवरची धूळ सिस्टीम बंद करून कोरड्या मऊ ब्रशने काढणं. ओलं फडकं नाही. त्यावर कपडे वाळत घालणारे पण पाहिलेत मी, असो.

बॅटरी असेल तर ती घरात, सगळ्यात गार कोपऱ्यात. लिथियम असो की लेड अ‍ॅसिड, उष्णता दोघांचाही शत्रू, लेड अ‍ॅसिडचं तर दर १० अंश वाढीला आयुष्य जवळपास अर्धं होतं. पाणी घालायच्या प्रकारची असेल तर उन्हाळ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी पातळी बघा, फक्त डिस्टिल्ड पाणी. वर सांगितलेलं एसीचं पाणी बॅटरीत घालू नका, त्यात पाइपच्या धातूचे अंश असू शकतात.

चार सरींचा काळ

पाऊस कितीही थोडा असला तरी विजा असतात. म्हणून त्याच्या आधी दोन गोष्टी. डीसी आणि एसी बॉक्समधल्या सर्ज प्रोटेक्टरला (विजेचा अचानक आलेला झटका अडवणारा भाग) छोटी खिडकी असते, हिरवी म्हणजे ठीक, लाल झाली असेल तर ते कार्ट्रिज गेलं, इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्या. दुसरं अर्थिंग. कोरड्या वाळूत अर्थिंग फार कमजोर पडतं कारण वाळलेल्या जमिनीतून करंट जातच नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घाला आणि वर्षातून एकदा, जमीन सगळ्यात कोरडी असताना, रेझिस्टन्स मोजून घ्या. ओल्या जमिनीत मोजलेला चांगला आकडा काही कामाचा नाही.

जोराचा पाऊस पडला तर पॅनल आपोआप धुतले जातात, बशर्ते कोन निदान १० ते १५ अंश असेल. नुसता शिडकावा झाला तर मात्र दुसऱ्याच दिवशी पहाटे धुवा, ते चिखलाचे ठिपके एकदा भाजले गेले की निघता निघत नाहीत.

गारवा आणि हिवाळा

दवाचे दिवस सुरू. सकाळी इन्व्हर्टर उशिरा चालू होतो, स्क्रीनवर इन्सुलेशन किंवा आयसोलेशनचा एरर येतो आणि नऊ-दहाला आपोआप जातो, असं होत असेल तर दुर्लक्ष करू नका. कुठल्यातरी कनेक्टरमध्ये किंवा चिरलेल्या वायरमध्ये दवाचं पाणी जातंय आणि ऊन आलं की वाळतंय. इलेक्ट्रिशियन दुपारी आला तर त्याला काहीच सापडणार नाही, त्याला सकाळी बोलवा आणि एररचा फोटो काढून ठेवा. त्याला हेही विचारा की जोडलेले दोन कनेक्टर एकाच कंपनीचे आहेत का. एमसी४, म्हणजे सोलर वायरींचा नेहमीचा कनेक्टर, त्यासारखे दिसणारे वेगवेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसतात, पण आतला संपर्क नीट होत नाही, तिथं गरम होऊन वितळायची सुरुवात होते. स्वतः ओढून सुटे करायला जाऊ नका, चालू लोडवर कनेक्टर सोडला की डीसीचा जाळ होतो आणि तो सहज विझत नाही.

पॅनलच्या पाठी या सीझनला बघून घ्या. मागच्या पांढऱ्या पडद्यावर खडूसारखी पूड दिसते का, पिवळेपणा, फुगे, चिरा? पूड आणि पिवळेपणाची फोटोसकट नोंद ठेवा. चीर असेल तर हातही लावू नका, वॉरंटीचा कागद काढा. जंक्शन बॉक्सच्या आसपास गांधीलमाशीचं घरटं, उबेला आलेले विंचू, साप हे सगळं भेटू शकतं, म्हणून आधी टॉर्च, मग हात, आणि हातात जाड ग्लोव्हज.

रात्री पारा शून्याच्या आसपास जात असेल तर पहाटे धुवायचं नाही, पाण्याचा बर्फ होतो. ऊन येऊन काच जेमतेम कोमट झाली की धुवा, ही एवढीच सवलत हिवाळ्यात मिळते. सूर्य खाली गेल्याने सावल्या लांबतात, पाण्याची टाकी, कठडा, शेजाऱ्याचा अँटेना यांची सावली उन्हाळ्यात जिथं पोचत नव्हती तिथं आता पोचते, सकाळ-संध्याकाळ एक फोटो काढून ठेवा.

स्टँड फिरवता येत असेल तर कोन बदलायची वेळ हीच. ढोबळ हिशोब असा की अक्षांशात १५ मिळवा तो हिवाळ्याचा कोन, १५ वजा करा तो उन्हाळ्याचा. अक्षांश २७ असेल तर ४२ आणि १२. वर्षाला चार-पाच टक्के फायदा होतो, जास्त नाही, आणि स्टँड त्यासाठी बनवलेलं नसेल तर हा खटाटोप करू नका.

आणि यंदा दोन पॅनल वाढवायचा विचार असेल तर आधी थंडीचं गणित करा. गार पॅनल जास्त व्होल्टेज देतं. समजा एका पॅनलचं ओपन सर्किट व्होल्टेज (काहीच लोड नसतानाचं, लेबलवर लिहिलेलं) ४९ आहे आणि १२ पॅनल एका स्ट्रिंगमध्ये आहेत, तर ५८८ व्होल्ट, ६०० व्होल्टच्या इन्व्हर्टरला चालेल असं वाटतं. पण शून्य अंशाच्या स्वच्छ सकाळी, २५ च्या खाली दर अंशाला ०.२७ टक्के वाढ धरली तर तेच ६२८ च्या जवळ जातं, आणि इन्व्हर्टर कमाल मर्यादेच्या वर गेला की जळतो, त्याला वॉरंटीही मिळत नाही. हा हिशोब तुमच्या भागातल्या सगळ्यात थंड रात्रीच्या आकड्यावर करायचा, सरासरीवर नाही. पॅनल वाढवून देणारा हे गणित कागदावर करून दाखवत नसेल तर दुसरा शोधा.